शनिवारी बाहेर, गुरुवारी परत

दि. ३ मार्च

चि. खटपट्या यास,

मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझा फोन लागत नाही. लागला तर तू मीटिंगमध्ये असतोस, आणि मीटिंगमध्ये नसलास तर मीटिंगला निघालेला असतोस. काका म्हणाले, एखादा मंत्री बरा, निदान निवडणुकीच्या आधी तरी भेटतो. म्हणून हे पत्र. कागदाला काही 'नंतर करतो' म्हणून बंद करता येत नाही.

इकडे आम्ही ठीक. माझ्या गुडघ्यांचं आणि दुकानाच्या जिन्याचं अजून पटत नाही. काका छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून हाती लागेल त्या कागदातल्या चुका काढतात. काल विजेच्या बिलातल्या सहा चुका लाल पेनाने दुरुस्त करून त्यांनी ते परत पाठवायला काढलं होतं. मी वेळेवर हिसकावलं.

दुकानात मात्र नवीच पीडा उभी राहिली आहे. बावीस वर्षं मी गेम भाड्याने देते आहे, तुला काय सांगायचं, तू त्यातच वाढलास. शनिवारी डिस्क न्यायची, गुरुवारी परत आणायची, शुक्रवारी मी एकेक मऊ फडक्याने पुसणार, काउंटरखालच्या कन्सोलमध्ये पाच मिनिटं लावून बघणार, आणि मग पुन्हा मांडणीत. आठशे चाळीस डिस्क आहेत आणि एकीवर ओरखडा नाही. पण गेल्या महिन्यापासून यातल्या सतरा मेल्या. मेल्या म्हणजे तुटल्या नाहीत. लावली की पडद्यावर पाटी येते, ही प्रत आपल्या घरासाठी नाही, कृपया स्वतःची विकत घ्यावी.

आपला बस ड्रायव्हर तर रडवेला होऊन आला. दिवसभर बस चालवतो आणि घरी जाऊन गेममधला ट्रक चालवतो, तोच. त्याला वाटलं, आपल्याच हातून बिघडली. हातात डिस्क धरून दारात उभा, आत यायला तयार नाही. मी रीतसर पावतीवर विकत घेतलेली वस्तू, आणि ती मला विचारते की घर कोणाचं? उद्या घरातला चमचा म्हणेल, हे तोंड आमच्या घरातलं नाही, मी उघडणार नाही. पाहुण्यांना उपाशी पाठवायचं का मग?

तू असे गेम करणाऱ्या कंपनीतच आहेस. हे कुलूप ज्या शहाण्याच्या डोक्यातून निघालं त्याचा माझ्या वतीने एकदा कान पिळ. हे असंच चाललं तर वर्षअखेर दुकानाला टाळं लावावं लागेल, आणि दुसरं काही मला येत नाही.

जेवणाच्या वेळा पाळ. लोभ आहेच, फोन उचललास तर वाढेलही.

तुझी मावशी


दि. १२ मार्च

ती. मावशीस,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा स्वागतकक्षातल्या बाईंनी ते दोन बोटांत धरून वर आणून दिलं. त्यांना वाटलं, कोर्टाची नोटीस. पण तू पत्र लिहिलंस ते बरंच केलंस. आमच्या विभागातल्या लोकांचे फोन आणि मेल सुरक्षेसाठी कंपनी वाचते. पाकीट कसं वाचायचं हे इथे कोणाला माहीत नाही, तेव्हा यापुढे असंच लिहू.

आता तुझ्या तक्रारीबद्दल. रागावू नकोस, पण तुझा थोडा गैरसमज होतो आहे. तू डिस्क विकत घेतलीस, गेम नाही. गेम कंपनीचाच. तुला मिळते ती एका घरात बसून तो खेळण्याची परवानगी. सिनेमाचं तिकीट काढलं म्हणून कोणी पडदा घरी नेत नाही. एकेका गेमसाठी दोनशे माणसं तीन तीन वर्षं राबतात, आणि मग एकच डिस्क चाळीस घरांत फिरते. त्या दोनशे जणांनी काय करावं? शिवाय उसनं किंवा भाड्याने आणून खेळणाऱ्यांना चोर असं कोणीही म्हणत नाही. आमच्याकडे त्यांना 'अद्याप-अखरेदीदार' म्हणतात. काकांना सांग, हा शब्द मी काढलेला नाही.

कान पिळण्याबद्दल लिहिलंस, त्यात एक अडचण आहे. मी ज्या विभागात आहे त्याचं नाव 'विश्वास विभाग'. कुलपं आम्हीच करतो. मागे तुला सांगितलं होतं की मी गेमच्या रंगसंगतीचं काम पाहतो, ते पहिले तीनच महिने होतं. तुझा जीव उगाच वरखाली होईल म्हणून पुढचं बोललो नाही. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या प्रमुख, माझ्यावर खूश आहेत. मला खिडकीजवळची खुर्ची मिळाली आहे, आणि इथे खिडकी फक्त चौघांना आहे.

सतरा डिस्क म्हणजे आठशेतल्या सतरा, मावशी. थोडं धीराने घे. गुडघ्यांना शेक घे. काकांना नमस्कार. लोभ आहे तसाच असू द्यावा.

तुझा,
खटपट्या


दि. १८ एप्रिल

चि. खटपट्या यास,

आशीर्वाद. अनेक द्यावेत की मोजके, हे पत्र संपेपर्यंत ठरवते.

'विश्वास विभाग' वाचून काका इतके हसले की चष्मा पुसायला काढावा लागला. ज्या खात्याचं काम कोणावरही विश्वास न ठेवणं, त्याला हे नाव! 'अद्याप-अखरेदीदार' या शब्दाखाली त्यांनी लाल रेघ मारली आहे आणि समासात लिहिलं आहे, हा शब्द ज्याने काढला त्याला शुद्धलेखनाचे शंभर उतारे.

दोनशे माणसांच्या मेहनतीबद्दल लिहिलंस, ते मला कळतं. मीही बावीस वर्षं मेहनतच केली. पण माझ्याकडून गेम नेऊन, आवडला म्हणून पुढे दुकानातून विकत घेणारे मी तुला इथे बसून पन्नास दाखवीन. ते तुमच्या हिशेबात कुठे बसतात कोण जाणे.

सतरांच्या आता एकसष्ट झाल्या आहेत. तेव्हा तुझा धीर तुझ्याजवळच ठेव.

मी मात्र हातावर हात ठेवून बसले नाही. बस थांब्याजवळच्या जुन्या पुस्तकवाल्याकडेही एक खोकं आहे डिस्कचं. कोणी कधीही न्यावी, आठवेल तेव्हा आणावी, नाही आणली तर तो विसरून जातो. त्याची एकही बंद पडलेली नाही. माझ्याच का? मग मी एकाच गेमच्या तीन डिस्क घेतल्या. एक नेहमीसारखी दिली, शनिवारी बाहेर, गुरुवारी परत, शुक्रवारी माझ्या कन्सोलवर पाच मिनिटं. दुसरी रुग्णालयातल्या नर्सबाईंना सोमवारी दिली आणि पुढच्या बुधवारी घेतली. तिसरी शनिवारी दिली, गुरुवारी घेतली, पण शुक्रवारी पुसून तशीच ठेवली, लावून पाहिली नाही. तीन फेऱ्या झाल्या आणि पहिली मेली. बाकीच्या दोन्ही अजून ठणठणीत आहेत.

म्हणजे तुमचं कुलूप उसन्या डिस्क शोधत नाहीच. ते माझ्या डिस्क शोधतं. त्याला माझा शनिवार माहीत आहे, माझा गुरुवार माहीत आहे, आणि शुक्रवारची ती पाच मिनिटंसुद्धा माहीत आहेत. हे काही दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं नाही. सभासदांना शनिवार-गुरुवार ठाऊक आहे, पण शुक्रवारी शटर अर्धं ओढून मी आत काय करते हे तीनच माणसांना माहीत. एक मी, दुसरे काका. तिसऱ्याचं नाव तू लिहून पाठव.

काका म्हणत होते, वार बदलून टाक, बाईसाहेब, कटकट मिटेल. मी नाही बदलणार. वार चोर बदलतात.

आशीर्वादाचं उत्तर आल्यावर बघू.

मावशी


दि. २७ एप्रिल

ती. मावशीस,

सा. न. वि. वि.

तिसरं नाव माझं आहे.

कसं झालं ते सांगतो, पटेल असा माझा आग्रह नाही. मी विभागात नवा होतो. कुलूप बसवायचं ठरलं होतं, पण उसनी डिस्क ओळखायची कशी हेच कोणाला सुचत नव्हतं. मावशी, त्या खोलीत अकरा जण होते आणि त्यातल्या कोणीही जन्मात कधी काही उसनं आणलेलं नव्हतं. वाढदिवसाला मागावं आणि मिळावं, अशी ती घरं. मोठ्या बाईंनी विचारलं, उसनी डिस्क कशी हिंडते हे कोणाला माहीत आहे का? मला माहीत होतं. मी उठलो आणि फळ्यावर काढून दाखवलं. शनिवारी नवं घर. बुधवार-गुरुवारपर्यंत खेळ. शुक्रवारी एका ठरावीक कन्सोलवर पाच मिनिटं. शनिवारी पुन्हा नवं घर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खिडकीजवळची खुर्ची त्यानंतरची.

तेव्हा मला खरंच वाटलं की जगात सगळीकडे असंच चालतं. सगळ्या दुकानांतून शुक्रवारी कोणीतरी मऊ फडकं घेऊन बसतं. तू एकटीच तसं करतेस हे मला तुझ्या पत्रातून कळलं. चोराची चाल कशी असते असं त्यांनी विचारलं आणि मी तुझी पावलं काढून दिली.

वार बदलूनही आता उपयोग नाही. मेअखेर कुलपाची नवी आवृत्ती येते आहे. तीनपेक्षा जास्त घरांत गेलेली डिस्क, वार कुठलाही असो, बंद होईल. म्हणजे तुझ्या सगळ्या. पुस्तकवाल्याच्यासुद्धा.

पण एक वाट आहे, आणि ती मी मोठ्या बाईंच्या हातापाया पडून काढली आहे. 'मान्यताप्राप्त भूतपूर्व वितरक' म्हणून तुझ्या दुकानाला सवलत मिळेल, जुन्या डिस्क पुन्हा उघडतील. त्यासाठी फक्त सभासदांची यादी द्यायची. नाव, पत्ता, कोणी कुठला गेम किती वेळा नेला. कंपनी कोणावर खटला भरणार नाही, असं मला तोंडी सांगितलं आहे. फार तर त्यांना नवे गेम घेताना थोडी अडचण येईल. अर्ज मी भरून सोबत जोडला आहे, तू फक्त सही कर आणि पंधरा मेच्या आत यादी पाठव. मावशी, हट्ट करू नकोस. दुकान वाचव.

तुझा,
खटपट्या


दि. ५ मे

चि. खटपट्या यास,

आशीर्वाद. पत्रात लिहायचे असतात म्हणून.

तुझं पत्र काकांनी मोठ्याने वाचलं आणि वाचून झाल्यावर त्यांनी लाल पेन खाली ठेवलं. एकही चूक काढली नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, एवढंच म्हणाले आणि गॅलरीत जाऊन बसले.

मला फार लागलं, रे. दुकान बंद पडेल म्हणून नाही. दुकानं बंद पडतात. तुझ्या आईची कामाची पाळी संध्याकाळची असायची, म्हणून शाळा सुटल्यावर तू माझ्याकडे यायचास. काउंटरखाली बसून ते फडकं कसं धरायचं, मधून कडेकडे कसं पुसायचं, हे मी तुला शिकवलं. आपण एवढी काळजी घेतो याचा मला अभिमान होता. आणि तू त्या शुक्रवारचा पंचनामा करून दिलास. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ पाहिले, पण मोजून वर फळ्यावर नकाशा काढणारा तू पहिलाच.

आता यादीचं. तुला माहीत आहे का, यादीत कोण आहेत? बस ड्रायव्हर आहे. रात्रपाळी करून आल्यावर झोप लागत नाही म्हणून कोडी सोडवणाऱ्या नर्सबाई आहेत. निवृत्त न्यायाधीश आहेत, ते फक्त शेतीचा गेम नेतात आणि त्यांच्या कोंबड्यांची नावं मला सांगतात. यातल्या एकानेही कधी गुरुवार चुकवला नाही, कारण चुकवला तर मी पुढचे दोन आठवडे काही देत नाही हे न्यायाधीशांनाही माहीत आहे. यांची नावं मी तुझ्या बाईंना देऊ? तोंडी वचनावर? माझ्याकडे तोंडी काही चालत नाही, डिस्कसुद्धा सही घेऊन देते.

अर्ज परत पाठवते आहे. काकांनी त्यातल्या बावीस चुका दुरुस्त केल्या आहेत, त्याबद्दल काही आकार नाही.

पण मागणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवू नये. म्हणून एका सभासदाची पूर्ण नोंद देते, काकांनी सुवाच्य अक्षरात उतरवून दिली आहे. अकरा वर्षं सभासद. नेलेल्या डिस्क, तीनशे बारा. त्यातला विकत घेतलेला गेम, एकही नाही. वेळेवर परत केलेली डिस्क, एकही नाही. दर वेळी शुक्रवारी सकाळी, तेही मी हाक मारल्यावर. दुसरा कोणी असता तर मी त्याचं नाव कापलं असतं. हा भाचा होता, म्हणून शेफारला. नाव वडिलांच्या नावासकट लिहिलं आहे, तुला वाचताच ओळख पटेल.

एवढा मोठा गुन्हेगार मी तुमच्या विश्वास विभागाच्या हवाली करते आहे. तो सध्या कुठे असतो, हे तू स्वतः बाईंना सांग.

लोभाचं आत्ता काही विचारू नकोस.

मावशी


दि. २ जून

ती. मावशीस,

सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तीनशे बारा वेळा झाला, तसा हाही.

तुझा कागद मी चार दिवस ड्रॉवरमध्ये ठेवला. पाचव्या दिवशी मीटिंगमध्ये टेबलावर ठेवला आणि स्वतःच वाचून दाखवला, फक्त नाव वगळून. आमचे नुकसान मोजणारे गृहस्थ हरखले. आमच्या सूत्राप्रमाणे उसना नेलेला प्रत्येक गेम म्हणजे न खपलेला एक गेम. ते म्हणाले, एकट्या माणसाने केलेलं एवढं नुकसान आजवर सापडलेलं नाही, या इसमाचा काही ठावठिकाणा? मी म्हणालो, खिडकीजवळची खुर्ची.

आधी कोणी हसलं नाही, मग सगळेच हसले. कायदेवाले मात्र हसले नाहीत. त्यांनी सांगितलं की कागद मीटिंगपुढे आला म्हणजे त्याची नोंद झाली, आणि वीसपेक्षा जास्त गेम उसने नेणारा नव्या आवृत्तीत कायमचा बाद. हा नियम मीच लिहिलेला. आमच्याकडे गेम खेळायचं खातं आणि इमारतीत शिरायचा पास एकच असतो, तेव्हा जूनपासून मला गेट उघडणार नव्हतं. मोठ्या बाई घाबरल्या. माझ्यावर प्रेम म्हणून नव्हे, तर कुलपाच्या पोटात काय आहे हे दुसऱ्या कोणाला कळत नाही म्हणून. त्यांनी फर्मान काढलं की आपल्या माणसांना सूट देणारी एक ओळ त्यात घाला. कायदेवाल्यांनी विचारलं, कुलपाला आपला माणूस कसा ओळखू येणार? बाई म्हणाल्या, ते यानेच ठरवावं. जेवणाची सुट्टी झाली होती, त्यांनी कोऱ्या कागदावर सही केली आणि सगळे उठले.

दोन दिवस मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. मग ती ओळ लिहिली. शनिवारी जाते, गुरुवारपर्यंत परत येते, शुक्रवारी पुसून तपासली जाते, अशी डिस्क आपल्याच माणसांची समजावी, मग ती कितीही घरं फिरो. माझा तोच नकाशा, मावशी. जिथे 'बंद' लिहिलं होतं तिथे 'उघडा' लिहिलं. नवी आवृत्ती मेअखेर सगळ्या कन्सोलवर गेली. हे पत्र मिळेपर्यंत तुझ्या मेलेल्या डिस्क उठून बसलेल्या असतील. ड्रायव्हरला निरोप दे. आता ही ओळ काढायची तर पाच विभागांच्या सह्या लागतात, आणि पहिली सही कोणी करायची यावर सध्या बैठका सुरू आहेत. वर्षभर तरी तुला धोका नाही. त्यापुढचं मी सांगू शकत नाही. पुस्तकवाल्याला मात्र गुरुवार पाळायला शिकव, नाहीतर त्याचं खोकं जाईल.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. काल सकाळी मी गेटला पास लावला आणि पडदा लाल झाला. या व्यक्तीवर विश्वास ठेवता येत नाही, अशी पाटी. पहारेकरी मला तीन वर्षं ओळखतो, तोच बिचारा ओशाळला. मोठ्या बाई खाली आल्या, कायदेवाले आले, काचेच्या पलीकडून सगळे माझ्याकडे बघत होते. कुलपाने काकांनी उतरवलेल्या तीनशे बारा ओळी नव्या नियमाने तपासल्या होत्या आणि त्यात त्याला एकही गुरुवार सापडला नव्हता. तुझे सगळे सभासद आपले ठरले. मी तेवढा नाही ठरलो.

बाई आतून म्हणाल्या की ही यंत्राची चूक आहे, आठवडाभरात दुरुस्त होईल, तोवर मी सुट्टी घ्यावी. मी त्यांना सांगितलं, दुरुस्त करू नका. या कुलपाने आजवर कितीतरी माणसांना दाराबाहेर उभं केलं, त्यात खरा चोर त्याला आजच सापडला.

मी शनिवारी येतो आहे. काउंटरच्या आत येणार नाही, बाहेर रांगेत उभा राहीन. नवा सभासद म्हणून सही घे. गुरुवार चुकला तर पुढचे दोन आठवडे काही देऊ नकोस.

काकांना नमस्कार. या पत्रातल्या चुका त्यांनी जरूर काढाव्यात. लोभ काढून घ्यावा असंच मी वागलो, तरी राहिला असेल तेवढा असू द्यावा.

तुझा,
खटपट्या